वाटीतली बुरशी आणि बिलोलीचे पाहुणे

अहमदपूर,
दिवाळी होऊन महिना झाला, शुक्रवार

अर्धापूर मुक्कामी सुदामभाऊ यांस अहमदपूरहून निजामोद्दीनचा सलाम, रामराम आणि नमस्कार. (तिन्ही पाठवले आहेत. दगडोबाकाकांना रामराम लागतो, राजकन्यावहिनींना नमस्कार चालतो, सलाम उरला तर तुम्ही घ्या.) आमच्याकडे सगळी खैरियत आहे, तुमच्याकडची कळवावी. काकांचा गुडघा कसा आहे? मागं आलो तेव्हा म्हणाले होते की गुडघा एकदम ठीक आहे, फक्त त्याच्यावर उभं राहता येत नाही. वहिनींच्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत ना? तुमच्या तब्येतीचं मी विचारत नाही. केळीच्या भावावरून तुम्ही माझ्याशी फोनवर भांडता तेव्हा ती मला ऐकू येत असते, आणि ती ठणठणीत असते.

आता खिशात फोन असताना हा माणूस कागद का खरडून राहिला, असं तुम्हाला वाटेल. त्याचं कारण तुम्हीच आहात. फोनवर मी "सुदामभाऊ, झालं असं की" एवढं बोलतो, आणि तुम्ही "थांबा, आधी माझं ऐका" म्हणून विहिरीच्या मोटारीपासून सुरू करता. मोटार, मग वायरमन, मग वायरमनचा मेहुणा, आणि तोवर माझं गिऱ्हाईक निघून जातं. कागदावर तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही. तुमच्या केळीची गाडी खाली करून ड्रायव्हर इथंच बसला आहे, त्याच्या हाती हे पत्र देतो. त्याला चहा सांगितला आहे. पत्र जरा लांबेल असं दिसतंय, म्हणून दुसराही सांगून ठेवला आहे.

तर झालं असं की, आमची मनतशा दिवाळीच्या सुटीला घरी आली. ती नांदेडला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे हे तुम्हाला माहीत आहे, पण विषय कोणता ते तुम्ही दर वेळी विसरता, म्हणून पुन्हा सांगतो. सूक्ष्मजीवशास्त्र. (तुम्ही मागं सगळ्यांना सांगितलं होतं की निजामभाईची पोरगी मायक्रो फायनान्समध्ये आहे. तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या बायका बेगमला कर्जाचं विचारतात.) लोकांच्या पोरी होस्टेलवरून धुवायचे कपडे घेऊन येतात. आमच्या पोरीनं एका पिशवीत कपडे आणि दुसऱ्या पिशवीत चिमटे, कापूस, स्पिरिटचा दिवा, भिंगं आणि काचेच्या बशा आणल्या. कॉलेजनं प्रत्येकाला सुटीला जोडून महिनाभराचं एकेक प्रोजेक्ट दिलं होतं. हिला मिळालं ते असं की, फळ झाडावरून उतरल्यापासून गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत त्याला कुठं कुठं आणि कोणती कोणती बुरशी लागते, त्याचा अभ्यास करायचा. मी खूश झालो. म्हटलं फळाच्या आडतीवाल्याची पोरगी आहे, विषय घरचाच आहे, चार पुस्तकं वाचेल आणि लिहून काढेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मार्केट यार्डात माझ्या आडतीवर येऊन उभी राहिली. अंगात पांढरा कोट, तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे. समोर उदगीरचं एक चांगलं गिऱ्हाईक पपईचा सौदा करत बसलेलं. त्याच्यासमोर ही मला विचारते, "अब्बा, आपल्याकडं सडलेलं काय काय आहे?" सुदामभाऊ, काही प्रश्न काही जागी विचारायचे नसतात. लग्नघरात जाऊन नवरीचं आधी कुठं जमलं होतं का, असं कुणी मोठ्यानं विचारतं का? गिऱ्हाइकानं माझ्याकडे पाहिलं, पपईकडे पाहिलं, आणि "येतो जरा चहा घेऊन" म्हणून जे गेलं ते अजून चहाच पीत आहे.

मी तिला तिथून हलवलं, हे माझं चुकलं. कारण ती सरळ शेजारी मल्लिनाथच्या आडतीत गेली. मल्लिनाथला तुम्ही ओळखता, तोच तो, जो आंब्याची पेटी उघडताना आधी देवाचं नाव घेतो. मनतशाला त्यानं लहानपणापासून पाहिलेलं आहे, पण मास्कात नाही. पांढरा कोट बघून त्याला वाटलं, सरकारी तपासणीचं पथक आलं. तिनं विचारलं की खराब माल कुठं ठेवता, आणि ह्याच्या तोंडचं पाणी पळालं. "मॅडम, माझ्याकडं खराब काईच नसतंय, लई चोख माल हाय," असं म्हणत तो मागच्या दारानं गेला आणि हमालांना सांगून सगळी डागलेली पपई मागच्या नाल्यात टाकून आला. तिथून ही बातमी यार्डभर पसरली. कुणी शटर ओढलं, कुणी फोन बंद केला, कुणी अगरबत्ती लावली (ती कशासाठी ते मला अजून कळलेलं नाही). पाऊणेक तासात मार्केट असं स्वच्छ झालं की मी इथं धंद्याला बसल्यापासून तसं पाहिलं नव्हतं. नाल्याच्या कडेला गाई जमल्या होत्या आणि त्यांचा दिवस फार चांगला गेला.

शेवटी उकडायला लागलं म्हणून पोरीनं मास्क काढला. मल्लिनाथ बघतच राहिला.

"अगं, तू निजामभाईची मनतशा?"

"हाव काका. ती पपई कुठं टाकली? मला तीच पाहिजे होती."

मग मल्लिनाथ स्वतः धोतर खोचून नाल्यात उतरला आणि गाईंच्या तोंडून वाचलेल्या दोन पपया तिला काढून दिल्या. माणूस घाबरट आहे, पण मनानं मोठा आहे. माझ्याशी मात्र तो दोन दिवस फक्त मानेनं बोलत होता.

बाजाराचं एवढ्यावर भागलं. घराचं भागलं नाही. बुरशी ओळखायची तर म्हणे आधी ती वाढवावी लागते, आणि वाढवायची तर तिला खायला घालावं लागतं. बुरशीचं जेवण काय असतं ते मला पोरीमुळे कळलं. बटाटे उकडायचे, बटाटे बाजूला ठेवायचे, नुसतं पाणी घ्यायचं, त्यात साखर आणि चायना ग्रास घालून घट्ट व्हायला ठेवायचं. (चायना ग्रास म्हणजे आमच्याकडे रमजानात दुधात घालून वड्या पाडतात ते. बुरशीही रमजानातलं खाते हे मला माहीत नव्हतं.) पाणी बुरशीला गेलं आणि बटाटे आम्हाला आले. बटाट्याची भाजी, बटाट्याचे पराठे, बटाट्याचं कालवण, आणि एक दिवस बेगमनं नुसतेच उकडलेले बटाटे मीठ लावून पुढ्यात ठेवले व म्हणाली, आज कल्पना संपली. कॉलेजच्या काचेच्या बशा पुरल्या नाहीत म्हणून पोरीनं बेगमच्या माहेरच्या शीरखुर्म्याच्या काचेच्या झाकणवाल्या वाट्या घेतल्या. आमच्या लग्नात आलेल्या आहेत त्या. मला ईदशिवाय त्यांना हात लावू देत नाहीत.

आणि मग त्यांच्यात बागा फुलल्या. एका वाटीत हिरवी पावडर, एकीत काळे टाचणीएवढे गोळे, एकीत पांढरी मऊ लव, मांजराच्या पिल्लाच्या अंगावर असते तशी. सडकं आहे हे माहीत असूनही हात फिरवावासा वाटायचा. प्रत्येकीला नाव होतं. कोलेटोट्रायकम हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते देगलूरच्या पलीकडचं एखादं गाव वाटलं. पेनिसिलियम म्हटल्यावर बेगम म्हणाली, हे तर ताप आल्यावर टोचतात. मी नावं पाठ करायचा प्रयत्न सोडून दिला आणि हिरवी, काळी, मांजर अशी माझी मी ठेवली.

फळांवरच्याच नाही, हवेतल्याही बुरश्या तिनं धरल्या. प्रत्येक आडतीत एकेक वाटी उघडी ठेवायची, थोड्या वेळानं झाकायची, आणि घरी आणून बघत बसायचं. चार दिवसांनी मी फ्रिजजवळ उभा राहून बघतो तर एक वाटी अगदी काठोकाठ काळी पडलेली. मी जरा मोठ्यानंच म्हणालो, "ही कुणाची गं? असल्या माणसाकडून माल घेऊ नये." ती म्हणाली, "तुमच्या केळी पिकवायच्या खोलीतली." बेगम तिथंच भाजी चिरत होती. ती चिरायची थांबली. दुसऱ्या दिवशी मी खोली धुऊन काढली, चुना मारला, क्रेट उन्हात टाकले.

पण तुम्ही लगेच खूश होऊ नका. पोरीनं तुमच्या केळीच्या फण्याही तपासल्या. फणी घडापासून कापतात त्या जागी जी काळी कूज लागते, ती म्हणे तुमच्या बागेतच सुरू होते, कापायच्या विळ्यावरून आणि तुम्ही ज्या हौदात घड बुडवून धुता त्या पाण्यातून. बागेत ती सहसा दिसत नाही. माझ्या खोलीत येऊन उमलते. म्हणून दोष अर्धा तुमचा आणि अर्धा माझा, असा तिचा निकाल आहे. मी तिला पुन्हा एकदा नीट बघायला सांगितलं आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. (ड्रायव्हरला दुसरा चहा दिला. तो म्हणतो अजून किती? मी म्हटलं, पोरीच्या लग्नाचं आहे. तर तो आपणहून पाय पसरून बसला.) आमची मोठी बहीण हुसेनबी आपा, जी आमच्याच गल्लीच्या टोकाला राहते आणि आमचं घर तिथून चालवते, तिनं आम्हाला न विचारता बिलोलीचं एक स्थळ बोलावून घेतलं. मुलाचं नाव अकरम. वडील नाहीत. आई आणि तो मिळून मोसंब्यांच्या बागा ठेक्यानं धरतात, फळ उतरवून साठवतात आणि भाव बघून विकतात. घर चांगलं, माणसं साधी. मनतशा म्हणाली, मला अजून एमएस्सी करायचं आहे. आपा म्हणाली, बघायला काय हरकत आहे, ते काय आजच घेऊन चाललेत का. आणि तिनं सगळ्यांना बजावून सांगितलं की मुलगी कॉलेजला आहे एवढंच बोलायचं, बुरशीचा ब काढायचा नाही.

रविवारी दोघं मायलेक आले. बेगम बिर्याणीच्या पातेल्यापाशी अडकलेली. मी पाहुण्यांशी पावसाबद्दल बोलत होतो. आपाला वाटलं आधी काहीतरी गोड द्यावं. तिनं फ्रिज उघडला, आणि वरच्या कप्प्यात तिला काचेच्या वाट्यांत छान घट्ट झालेली चायना ग्रासची खीर दिसली. तिला वाटलं आमच्या बेगमनं, शबानानं केलेली आहे. तिनं त्यावर गुलाबाचं सरबत ओतलं, पिस्ते पेरले आणि ट्रेमध्ये घालून बाहेर आणलं. सुदामभाऊ, ती खीर नव्हती. ते बुरशीचं जेवण होतं.

अकरमच्या आईनं एक चमचा घेतला, विचार केला, दुसरा घेतला. असं करत तिनं सगळी वाटी संपवली. म्हणाली, "गोड बेताचं हाय, पण हलकं हाय. पोटाला बरं." आपानं मान ताठ करून सांगितलं की सगळं मनतशानंच केलंय. (हे मात्र शब्दशः खरं होतं.) तेवढ्यात मनतशा चहा घेऊन आत आली. तिनं वाट्या पाहिल्या. दुसरी एखादी मुलगी गप्प बसली असती. मी तिला खोटं बोलायला शिकवलं नाही, त्याची फळं भोगतोय.

"ते... ते खायचं नव्हतं," ती म्हणाली. "ते बुरशीसाठी होतं."

अकरमच्या तोंडात चमचा होता. तो तसाच ठेवून त्यानं विचारलं, "कुणासाठी?"

मग तिनं सगळं सांगितलं. की घाबरू नका, यात अजून काही पेरलेलं नाही, नुसतं उकळलेलं बटाट्याचं पाणी आणि साखर आहे, कुकरमध्ये दोनदा शिजवलेलं आहे, आपल्या स्वयंपाकापेक्षाही स्वच्छ आहे. शेवटचं वाक्य तिनं बोलायला नको होतं, कारण आतून पातेल्यावर झारा आपटल्याचा आवाज आला. (हे सगळं बोलणं आमच्या घरच्या भाषेत झालं, तुमच्यासाठी मराठीत लिहितो. त्या भाषेत ते याहून जास्त वाईट वाटलं.) अकरमनं गिळलं. त्याची आई उठली आणि म्हणाली, पेरलेल्या कुठं आहेत त्या दाखव. आपा फ्रिजच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. पण बिलोलीच्या बाई अंगानं आपाच्या दीडपट आहेत. त्यांनी दार उघडलं, खालच्या कप्प्यातल्या वाट्या एकेक करून पाहिल्या, हिरव्या पावडरीच्या वाटीपाशी थांबल्या, आणि मुलाकडे वळून फक्त एवढंच म्हणाल्या, "हीच."

काय हीच, ते कुणी विचारलं नाही. बिर्याणी खाल्ली, ती पण अशी की जणू प्रत्येक शितात कुणीतरी बसलं आहे. मग संध्याकाळची बस गाठायची म्हणून गेले. आपा पंधरा मिनिटं खुर्चीत बसून होती. मग उठली आणि चप्पल घालून घरी गेली, आणि त्यानंतर आमच्या घरात इतकी शांतता झाली की मला करमेना.

आठवडाभर बिलोलीहून काही नाही. मग एका दुपारी टेम्पोवाल्यानं माझ्या आडतीवर एक लाकडी पेटी आणून टाकली. वर माझं नाव, खाली बिलोली. मल्लिनाथ एव्हाना बोलायला लागला होता, तो म्हणाला, "निजामभाई, शगुन आला बघा. उघडा." दोन-चार जण जमले. मीही मूर्खासारखा हसत हसत खिळे काढले.

आत मोसंबी होती. सगळीच्या सगळी सडलेली. हिरव्या बुरशीनं माखलेली, हात लावला की बोट आत जाईल अशी मऊ. झाकण उघडल्याबरोबर हिरवा धुरळा उडाला आणि मल्लिनाथला शिंका सुरू झाल्या. सुदामभाऊ, आयुष्यात मी सडका माल कमी पाहिला का? रोज पाहतो. पण त्या दिवशी माझ्या हातून झाकण परत लागेना. मुलगी पसंत नाही म्हणून लोक सांगतात, कुणी उलट फोनच करत नाही, तेही समजतं. पण असं? पेटीत भरून, गाडीला घालून? मी म्हणालो, नमुन्याचा माल आहे. मल्लिनाथला ते पटलं नाही हे मला दिसलं. पण तो बाकीच्यांना म्हणाला, "चला, तुमच्या आडती उघड्या पडल्यात," आणि स्वतः माझ्याबरोबर पेटीवर खिळे ठोकत बसला. ठोकताना शिंकत होता.

पेटी घरी आणली. आपाला कुणी सांगितलं माहीत नाही, ती माझ्या आधी घरात होती. म्हणाली, हे आपल्या तोंडावर मारलंय, आणि हे सगळं त्या वाट्यांमुळे. मी मोटरसायकल काढायला निघालो. बिलोलीला जाऊन त्या बाईला विचारायचं होतं की माझ्या पोरीनं तुमचं काय बिघडवलं होतं. बेगमनं चावी कुठं लपवली ते मला अजून सापडलेलं नाही. (सध्या दुसरी वापरतोय.) ह्या सगळ्या गोंधळात मनतशा उठली. पेटी उचलून तिच्या खोलीत घेऊन गेली आणि दार लोटून घेतलं. आम्ही तिघं बाहेरच राहिलो. मला वाटलं पोरगी रडत असेल. बापानं अशा वेळी काहीतरी बोललं पाहिजे म्हणून मी मनात जुळवाजुळव करत आत गेलो.

ती खाली बसली होती. डोळे लाल होते, नाही असं नाही. पण हातात मोसंबं होतं आणि डोळ्याला भिंग. माझ्याकडे न बघता म्हणाली, "अब्बा, बघा ना. सगळ्यांना एकाच जागी लागलीये. देठ उपटलाय तिथं." मी जे जुळवून आणलं होतं ते सगळं विसरलो. खोलीत उजेड कमी होता. मी मोबाइलची बॅटरी लावली आणि तिच्या शेजारी धरून बसलो. बराच वेळ बसलो होतो. माझ्या पायाला मुंग्या आल्या, पण उठावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी फोन वाजला. अकरमची आई. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "पेटी पोचली का? पोरगी काय म्हनते?"

मी म्हटलं, काय म्हणायचं अशावर?

"म्हंजे? तिला बघायला म्हनून तर पाठवली. मुद्दाम लई सडकी निवडून काढली. चांगली पाठवून काय उपेग?"

मग उलगडा झाला. दोन वर्षं त्यांची मोसंबी उतरवली की साठवणीतच हिरवी पडतात. निम्मा माल फेकावा लागतो. कुणी म्हणे खताचं, कुणी म्हणे पाण्याचं, कुणी म्हणे नजर लागली. आमच्या फ्रिजमध्ये त्यांना तीच हिरवी पावडर दिसली आणि तेव्हाच विचारणार होत्या, पण आपा अशी पहारा देत उभी होती की त्यांना वाटलं, मुलीकडच्यांना हा विषय आवडत नाही. म्हणून मुलीसाठी थेट पेटीच पाठवली. तसं सांगणारा फोन मात्र दोघांपैकी कुणीच केला नाही. मायलेकांना वाटलं, दुसऱ्यानं केला असेल.

फोन मनतशानं घेतला आणि त्यानंतर तासभर आमच्या घरात लग्न सोडून सगळ्या विषयांवर बोलणं झालं. फळ हिसकून तोडू नका, कात्रीनं देठ राखून कापा. दव असताना उतरवू नका. खरचटलेलं फळ चांगल्यात ठेवू नका. सडलेलं साठवणीच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवता ना, ते आधी बाहेर न्या, त्याची पावडर उडून चांगल्यावर बसते. क्रेट धुवा. पलीकडून अकरम "हाव, हाव" म्हणून राहिला होता. आपा दाराशी उभी राहून लग्नाचा शब्द येतो का ते ऐकत होती. मध्येच एकदा "जोडी" असा शब्द आला आणि ती पुढे सरकली, पण ती हातमोज्यांची जोडी निघाली.

अकरमनं सगळं तसंच केलं. स्वतः कात्र्या आणून मजुरांना धरून शिकवलं. परवा त्यांचा फोन आला, ह्या खेपेचा माल टिकला, सडलं ते थोडकंच. आणि मग त्या बाईनंच विषय काढला. म्हणाली, "पोरीला शिकू द्या निजामभाई. आमचा अकरम काई सडून चालला न्हाई. थांबंल." मी फोन ठेवला तेव्हा मल्लिनाथ समोर होता. तो म्हणाला, डोळ्यांत काय गेलं? मी म्हटलं, बुरशी.

मनतशा म्हणते एमएस्सी झाल्यावर विचार करू. पण रोज संध्याकाळी ती बिलोलीला वाट्यांचे फोटो पाठवते आणि तिकडून सडक्या फळांचे फोटो येतात, आणि ते बघून ही एकटीच हसते. सडक्या मोसंब्यात हसण्यासारखं काय असतं, हे बापाला विचारता येत नाही. बेगम म्हणते दोघं फक्त बुरशीबद्दलच बोलतात. मी म्हणतो, तेच तर. आपा परत यायला लागली आहे आणि हे स्थळ आपण जमवलं असं गल्लीत सांगते. फ्रिज मात्र विचारल्याशिवाय उघडत नाही.

ड्रायव्हर उठून उभा राहिला आहे. काकांना, वहिनींना आमची याद सांगावी. तुमचा माल ह्या वेळी फार उत्तम आला, हे आयुष्यात पहिल्यांदा लेखी देतो आहे. जपून ठेवा, पुन्हा मिळणार नाही.

आपला,
निजामोद्दीन

ता. क. पत्र लिहायला बसलो ते खरं तर एवढ्यासाठीच. पुढच्या महिन्यात मनतशाच्या कॉलेजात प्रदर्शन आहे, आणि तिला देठाशी कुजलेल्या अर्धापुरी केळीच्या फण्या पाहिजेत. मी म्हटलं, त्याची काय चिंता, सुदामभाऊंच्या गाडीत असतातच. आज ती सगळी गाडी शोधून आली, एक सापडली नाही. इतकी वर्षं मी तुमच्याशी ज्याच्यासाठी भांडलो ते आज पाहिजे होतं तर नेमकं तुम्ही पाठवलं नाही. तरी एक क्रेट सडकी केळी पाठवून द्यावी. चांगली कुजलेली असावीत. आणि कृपा करून, हाताची सवय म्हणून वर चांगली आणि खाली सडकी असं भरू नये.

ता. क. २. प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात ती तुमच्या बागेत येऊन हौदाजवळ एक वाटी ठेवणार आहे. तिनं सांगितलंय की सुदामकाकांना आधी कळवू नका, नाहीतर हौद घासून ठेवतील. म्हणून मी कळवत नाही.

(शबानाकडून) सुदामभाऊजी, सलाम. हे असरच्या नमाजाला गेले आहेत, ड्रायव्हरभाऊंना थांबवून चार ओळी लिहिते. वर हिरवी, काळी, मांजर असं लिहिलंय ते खोटं आहे. ह्यांना सगळी नावं पाठ आहेत, आडतीवर गिऱ्हाइकांना भिंगातून दाखवतात आणि मग माल विकला जात नाही. घरात आलेलं प्रत्येक फळ आधी ते तपासतात, काही ना काही सापडतंच, आणि फळाच्या व्यापाऱ्याच्या घरात महिना झाला कुणी केळं खाल्लेलं नाही. राजकन्याताईंना सांगा, क्रेट त्यांनी स्वतः भरावा. वरच्या थराला सडकी ठेवा, ती बघून हे खूश होतील आणि पुढं बघणार नाहीत. खाली आमच्यासाठी दोन डझन चांगली ठेवा.